चोळी-बांगडीचे अकरा गुंठे

आधीच सांगते, मला असल्या गोष्टींचा राग येतो. इथे लोक लिहितात की अमक्याला जिन्यात पांढरी साडी दिसली, तमक्याच्या गाडीवर मागे कुणीतरी येऊन बसलं... आणि खाली शंभर जण "बापरे" लिहितात. त्या शंभरांत मी कधीच नव्हते. "डोळे तपासून घ्या" असं लिहिणारी ती मी. ॲडमिनने माझी कमेंट दोनदा उडवलेली आहे. आज मीच इथे लिहायला बसलेय याचाही मला रागच आलाय, पण लिहिल्याशिवाय हे डोक्यातून जायचं नाही.

माझं वय सव्वीस. गाव देवणी तालुक्यात. गावाचं नाव सांगत नाही, माणसं जिवंत आहेत. नोकरी लातूरला, एका छोट्या खाजगी ऑफिसात. आम्ही शेतांचे, तळ्यांचे, रस्त्यांचे नकाशे कॉम्प्युटरवर काढून देतो. स्क्रीनवर सॅटेलाइटचा फोटो असतो, त्याच्यावर आपण रेघा मारायच्या. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली कोचिंग क्लास. दिवसभर खालून माईकवर बायोलॉजी ऐकू येतं. भूत असलंच तर त्याने इथे कशाला यावं, इतकी कंटाळवाणी जागा आहे ती.

मार्चमध्ये मी लागले तेव्हा मला त्या सॉफ्टवेअरमधलं ओ की ठो येत नव्हतं. शिकवलं ते परवीनआपाने. ती तिथे सात वर्षं आहे, लातूरचीच. तिने पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी डोक्यात भरल्या. शेताला सरळ कडा असतात, तिथे कोपऱ्या-कोपऱ्यावर क्लिक करत जायचं. ओढा, तळं, झाडी असलं वेडंवाकडं काही असेल तिथे फ्रीहँड, म्हणजे माऊसचं बटण दाबून धरायचं आणि पेन्सिलीसारखी रेघ ओढत न्यायची. बटण सोडलं की आकार आपोआप बंद होतो. ऐकायला सोपं आहे, पण नवीन माणसाचा हात असा थरथरतो की तळं काढायला जावं आणि बटाटा निघावा. माझे बटाटे बघून आपा म्हणायची, "आशू, हौले हौले. रेघ तुझी हाय, तू रेघेची न्हाईस."

मे महिन्यात पप्पांचा फोन आला. पप्पा आणि काका वाटणी करणार होते. शेत आजोबांचं, म्हणजे अण्णांचं. अण्णा माझ्या जन्माच्या चार वर्षं आधी गेले. सरकारी मोजणी बोलवायच्या आधी दोघा भावांना कच्चा नकाशा हवा होता. "तू लोकांची रानं काढायलीस ना कॉम्प्युटरवर, मग आपलं बी काढ की," पप्पा म्हणाले.

वाटणी दोघांतच होती. अण्णांना तीन लेकरं, पण तिसरी मुलगी. ती माझी आत्या, सगळ्यांत मोठी, नांदेडला असते. तिशीच्या आतच तिचा नवरा वारला. पदरात एक मुलगी आणि घरात एक शिलाई मशीन, बाकी काही नाही. तेव्हा ती अण्णांकडे आली होती आणि म्हणाली होती, मला चोळी-बांगडीपुरतं रान द्या. आमच्याकडे ही रीत आहे. लेकीचं वाईट झालं तर बाप एखादा तुकडा तिच्या नावाने सोडतो, कागद बिगद नसतो, नुसता शब्द असतो. अण्णा म्हणाले, "बघू." त्याच वर्षी ते गेले. भावांनी सांगितलं, अण्णा काही बोलले नाहीत. माहेर तुटू नये म्हणून आत्याने हक्कसोड पत्रावर सही केली आणि नांदेडला निघून गेली.

तेव्हापासून आत्या अण्णांना शिव्या देते. हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. तिच्या घरात नवऱ्याचा फोटो आहे, सासूचासुद्धा आहे, अण्णांचा नाही. अण्णांच्या श्राद्धाला ती कधीच येत नाही. "म्हाताऱ्याला दोन पोरं दिसली, तिसरी दिसली न्हाई," एवढं बोलते आणि परत मशीन सुरू करते. पप्पांशी मात्र तिचं बरं आहे. दरवर्षी राखी येते, पप्पा साडी पाठवतात.

आता मूळ गोष्ट. बुधवार होता, दुपारची जेवायची सुट्टी. आपा डबा खात होती. मी आमचं शेत स्क्रीनवर उघडलं. उत्तरेला ओढा आहे, बाकी तीन बाजूंना बांध. नियमाप्रमाणे तीन बाजूंना क्लिक करायला हवं होतं. मी म्हटलं, घरचंच तर आहे, फ्रीहँडची प्रॅक्टिस होईल. पश्चिमेला, रस्त्याच्या बाजूने सुरुवात केली, बांधाबांधाने खाली गेले, पूर्वेचा बांध धरून वर ओढ्याकडे आले. तिथे ओढ्याच्या काठाने डावीकडे वळायचं होतं...

आणि माझा हात आत वळला, सरळ शेतात. ओढ्याच्या बऱ्याच अलीकडून ती रेघ पश्चिमेला चालत गेली, मध्येच एके ठिकाणी खाली फुगून गोल फिरली, पुन्हा सरळ झाली आणि मग ओढ्याला जाऊन मिळाली. पोळीचा कोपरा कुणीतरी तोडून घ्यावा तसा शेताचा एक कोपरा बाहेर राहिला. मी बटण सोडलं आणि स्वतःलाच शिवी दिली.

दुसऱ्यांदा काढलं, तेच झालं. तिसऱ्यांदा मी मुद्दाम माऊस जोरात वर, ओढ्याकडे रेटला. माऊस गेला, पण रेघ गेली नाही. ती आपल्या चालीने आतूनच चालली होती, हळूहळू... मला कंटाळा येईल इतकी हळू. आणि माझं मनगट असं जड झालं होतं की ओल्या मातीतून पाय उचलावा लागतो ना, तसं. मी माऊस टेबलावर आपटला. खालच्या क्लासमधून कुणीतरी ओरडलंसुद्धा.

आपा हात धुऊन आली. तिने माऊस बदलला. सेटिंग बघितल्या, कारण कधी कधी आधीची एखादी रेघ असली तर नवीन रेघ तिला जाऊन चिकटते. पण तिथे आधीचं काहीही नव्हतं, फाईल कोरी होती. मग आपाने स्वतः फ्रीहँडने आमचं शेत काढलं. ओढ्याच्या काठाने एकदम बरोबर आलं. मी तिच्याच खुर्चीवर, तिच्याच माऊसने काढलं, कोपरा बाहेर! क्लिक करत काढलं तर माझंही बरोबर येत होतं. दुसऱ्या कुणाचं शेत फ्रीहँडने काढलं तरी बरोबर. फक्त आमचं शेत, फक्त माझा हात, फक्त फ्रीहँड.

एकूण पाच वेळा काढलं. सॉफ्टवेअर क्षेत्रफळ सांगतं. थरथरत्या हाताने एकच तळं पाच वेळा काढलं तर पाच वेगळे आकडे येतात, हा माझा तीन महिन्यांचा अनुभव. इथे पाचही वेळा बाहेर राहिलेला कोपरा शून्य पूर्णांक अकरा हेक्टर, म्हणजे साधारण अकरा गुंठे.

"आशू, हे घरी दाखव," आपा म्हणाली.

"काय दाखवू? मला काढता येत न्हाई हे?"

"वडलांना नुसतं दाखव. बोलू नको कायी."

"आपा, तुम्ही पण ना!" मी चिडले. पण तिने प्रिंट काढून माझ्या बॅगेत घातलीच. बरोबर असलेली एक आणि ही एक.

रविवारी मी गावी गेले. ओसरीवर पप्पा आणि काका दोघेही होते. मी चांगली प्रिंट दिली. दोघांनी चष्मे लावून बघितली, काकांनी "पोरगी हुशार हाय" म्हटलं. मग मी हसत दुसरी काढली. म्हटलं, हे बघा, आधी काय दिवे लावले होते मी.

पप्पांनी ती हातात घेतली आणि त्यांचा चेहरा उतरला. कागद त्यांनी मांडीवर ठेवला, परत उचलला.

"हे कुणी काढलं?"

"मीच. माऊस नीट चालत नव्हता."

"चिंच कुणी सांगितली तुला?"

"कोणती चिंच?"

पप्पांनी बोट ठेवलं, ती रेघ जिथे फुगून गोल फिरली होती तिथे. मी शेतात लहानपणापासून गेलेय, तिथे चिंच काय, बाभूळ पण नाही. सॅटेलाइटच्या फोटोत पण नाही. सपाट काळं रान आहे. काका उठले. "दादा, गप बस. पोरीनं कायतरी गिचमिड केलंय अन् तू..."

"गिचमिड न्हाई ही," पप्पा म्हणाले. "हे अण्णांचं हाय."

मग जे सांगितलं ते पप्पांनी खाली बघत सांगितलं. त्या वर्षी पेरणीच्या आधी अण्णा एकटेच रानात गेले. देवणी बैलांची जोड होती, तिला नांगर जुंपला आणि ओढ्याकडच्या कोपऱ्यात एकच रेघ ओढली. टेप नाही, दोरी नाही, नजरेच्या अंदाजाने. मध्ये चिंच आली तर तिला वळसा घालून झाड आत घेतलं, म्हणजे लेकीच्या बाजूला. पप्पांना आणि काकांना बोलावून म्हणाले, हे अक्काचं. धा-अकरा गुंठे होतंय. ओलीचं रान हाय, सावली हाय. ती आली की मी सोता नेऊन दाखवतो.

ती यायच्या आधी अण्णा गेले.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. तेराव्याच्या दुसऱ्या दिशी नांगर घातला."

"आणि चिंच?"

"तोडली. इकली."

मी प्रिंट हातात घेतली. माझ्या रेघेचे कोपरे टोकदार नव्हते, प्रत्येक वळणावर एक मोठा गोल फेरा होता. मी तो माझ्या हाताचा दोष समजत होते. पप्पा म्हणाले, "जोड फिरवायला तेवढी जागा लागतीच." ऐकून माझ्या अंगावर काटा आला, पण तो क्षणभरच. त्याच्या मागून जो राग आला ना, तो आजपर्यंत गेलेला नाही. मी पप्पांना अरे-तुरे केलं. आयुष्यात पहिल्यांदा. आई स्वयंपाकघरातून धावत आली. तिलाही यातलं काही माहीत नव्हतं, तिचं लग्न नंतर झालं.

"तुम्ही दोघांनी आत्याला सांगितलं अण्णा काही बोलले नाहीत म्हणून!"

"तिनं विचारलं न्हाई परत," काका म्हणाले.

"विचारलं नाही? ती मेलेल्या माणसाला विचारणार होती?"

काका म्हणाले, तीस वर्षं झाली, तिला आता रानाचं काय करायचंय, तिची पोरगी सुखात हाय. मी त्याच संध्याकाळी निघाले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला न जाता नांदेडची एस्टी धरली. आपाला फोन करून सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "जा. सायेबाला मी बघते."

आत्या नेहमीसारखी मशीनवर होती, कुणाचं तरी ब्लाउज उसवत. मला बघून खूश झाली, चहा ठेवायला उठली. मी म्हटलं चहा नको, हे बघ. आणि काही न बोलता प्रिंट तिच्यापुढे ठेवली, परवीनआपाने सांगितलं होतं तसं. तिने आधी कागद उलटा धरला. मग सरळ केला. ओढा तिने लगेच ओळखला. मग तिचं बोट त्या रेघेवरून निघालं आणि फुगलेल्या जागी थांबलं.

"हितं चिंच होती," ती म्हणाली. "आमी झोका बांधायचो."

मग मी सगळं सांगितलं. नांगर, जोड, अक्काचं म्हणून ओढलेली रेघ, ती आली की मी स्वतः दाखवतो. तेराव्यानंतरचा नांगर. मला वाटलं होतं ती रडेल. किंवा भावांना शिव्या देईल. ती माझ्यावरच ओरडली.

"कशाला आणलंस गं हे? कशाला? मी बसले होते ना बरी!"

"आत्या, तुझं रान आहे ते..."

"रान घाल चुलीत! तीस वर्षं मी माझ्या बापाला शिव्या घातल्या. रोज. तो आलता का सपनात? आलता तरी मी तोंड फिरवलं. त्याचं काय करू मी आता? ते कोन परत देतंय?"

मी तिथे बसून रडले, ती रडली नाही. तिने फोन उचलला आणि पप्पांना लावला. "दिगू," ती म्हणाली, "अण्णा मला न्हाई म्हणले व्हते का रे? खरं सांग." पलीकडून पप्पा काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. फार काही बोलले नसावेत. आत्याने ऐकलं, फोन ठेवला आणि राहिलेलं ब्लाउज उसवायला घेतलं. ब्लेड थेट कापडातच गेलं. त्या बाईला नवीन कापड आणून द्यावं लागलं.

पुढचं थोडक्यात सांगते. काका शेवटपर्यंत अडून बसले. मग पप्पा म्हणाले, ओढ्याकडचा कोपरा माझ्या वाट्यात धरा, मी देतो त्यातून. मोजणी झाली. मोजणीवाल्याने वाकडी रेघ चालणार नाही म्हणून सांगितलं, त्यामुळे कागदावर तो तुकडा सरळ चौकोनी आहे. पण अकरा गुंठे आहे, आणि त्यावर आत्याचं नाव आहे. काका माझ्याशी बोलत नाहीत. पप्पांशी मी बोलते, कामापुरतं. ते चुकलं म्हणाले, दोनदा म्हणाले. माझा राग ओसरत नाही त्याला मी काय करू?

आता तुमच्या कमेंट मला आधीच माहीत आहेत. लहानपणी कुणीतरी बोलताना ऐकलं असशील. कुणी? ज्या दोघांना माहीत होतं ते तीस वर्षं तोंड शिवून बसले होते. जुना फोटो बघितला असशील. चिंच माझ्या जन्माआधी तोडली. मनाचे खेळ. बरं, मग मनाने अकरा गुंठे पाच वेळा सारखे कसे मोजले, तेवढं सांगा. नंतर मी ऑफिसात कितीदा तरी आमचं शेत फ्रीहँडने काढून बघितलं. बरोबर येतं, ओढ्याच्या काठाने. परवीनआपा म्हणते, आता कशाला पायजे. मला हे असलं बोलणं पटत नाही. मला कारण पाहिजे आणि ते मिळत नाही.

आणि समजा ते अण्णाच असतील, तर मला त्यांचाही राग आहे. एवढी रेघ ओढता येत होती तर तीस वर्षं कुठे होते? कागदावर एक अंगठा उठवला असता तर? लेकीला नांदेडला निरोप धाडायला काय झालं होतं? तिच्याकडे जायचं सोडून माझ्याकडे, ते पण माऊस धरता न येणाऱ्या नातीकडे?

दिवाळीनंतर आत्या पहिल्यांदा शेतावर आली. घरी आली नाही. बसमधून उतरली आणि थेट रानात गेली, मी बरोबर होते. चिंच होती त्या जागेवर, म्हणजे तिच्या अंदाजाने, ती मातीतच बसली. मला म्हणाली, तू बांधावर थांब. भर दुपार होती. मी लांब थांबले. ती बोलत होती. शब्द कळत नव्हते पण सूर कळत होता. ती भांडत होती. हातवारे करून, मध्ये मध्ये जमिनीवर हात आपटून... अर्धा तास तरी. मग थांबली आणि तशीच बसून राहिली.

परत येताना मी विचारलं, काय बोलत होतीस?

"इचारलं त्याला. एवढं आखून ठेवलं व्हतंस तर मला एक हाक मारायची ना."

"मग?"

आत्याने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी खुळचट बोलले असल्यासारखं. "मग काय," ती म्हणाली. "मेलेलं माणूस बोलतंय व्हय कुठं."